घंगाळाचे भाषांतर

मराठी चौथी उतरून मी तालुक्याच्या गावच्या शाळेत इंग्रजी पहिलीत दाखल झालो, ते १९३६ साल होते. शाळा आमच्या गावापासून तीन कोसांवर असल्याने आठवडाभर मी एका दूरच्या नातलगांच्या ओसरीवर राहत असे आणि शनिवारी दुपारी, दप्तरात तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचा पहिला भाग आणि काखेत पाटी घेऊन, कृष्णेच्या कडेकडेने घरी परतत असे. अशाच एका शनिवारी मास्तरांनी फर्मान काढले की प्रत्येकाने आपापल्या घरातील वीस वस्तू डोळ्यांनी पाहून त्यांची इंग्रजी नावे सोमवारी लिहून आणावीत. मास्तर मोठे उत्साही होते. शब्द पुस्तकावरून न शिकता वस्तूवरून शिकावा, असा त्यांचा आग्रह होता, आणि तो आग्रह तत्त्वतः बिनचूक होता असे मी आजही म्हणेन. अडचण एवढीच होती की ज्या वस्तूंची इंग्रजी नावे त्यांनी आम्हांस शिकवली होती त्यांपैकी बहुतेक आमच्या घरात नव्हत्या, आणि आमच्या घरात ज्या वस्तू होत्या त्यांची नावे त्यांनाही ठाऊक नव्हती.

वर्गातल्या चित्रात एक दिवाणखाना होता. त्याच्या भिंतीतच शेकोटी बांधलेली, शेकोटीवर संगमरवरी फळी, फळीवर घड्याळ आणि दोन मेणबत्त्या, समोर पाय वर ठेवून बसण्याचे लहानसे आसन आणि खाली गालिच्यावर मांजर. त्या फळीला 'मँटलपीस' म्हणतात हे मला दहाव्या वर्षी तोंडपाठ होते. ती फळी प्रत्यक्ष पाहण्याचा योग मात्र पुढे वीस वर्षांनी, एका जिल्हा न्यायाधीशांच्या साहेबी अमदानीत बांधलेल्या बंगल्यात आला, आणि तेव्हाही तिच्यावर घड्याळाऐवजी लोणच्याची बरणी होती. चित्रातले मांजर तेवढे आमच्या ओळखीचे. त्याला 'कॅट' म्हणताना मला कोणताही संकोच वाटला नाही, कारण ते मांजर आमच्याकडेही होते आणि चुलीपुढेच झोपत होते.

घरी पोचल्यावर पाटी-पेन्सिल घेऊन मी ओसरीपासून आरंभ केला. ओसरीवर कणगी होती. तिला काय म्हणावे ते सुचेना. माजघरात उतरंड होती, शिंके होते, कोनाड्यात समई होती. एकाही नावापुढे इंग्रजी शब्द पडेना, तेव्हा निदान मराठी नावे उतरवून घ्यावीत आणि पुढचे पुढे पाहावे, असा व्यवहारी विचार करून मी स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर बसलो आणि चूल, वैल, फुंकणी, काठवट, उलथणे, सांडशी, रोवळी, पाटा, वरवंटा अशी एकाखाली एक नोंद करू लागलो. आजी चुलीपुढे भाकरी थापीत होती. मी एकेका भांड्याकडे पाहतो आणि पाटीवर लिहितो, हे तिने दोन-तीनदा तिरप्या नजरेने पाहिले. मग हातातला गोळा काठवटीत ठेवून ती म्हणाली, "काय रे, भांडी कसली लिहून घेतोस? जप्ती आलीय का घरावर?"

मी हसलो, पण ती हसली नव्हती. तिने पाटी माझ्या हातातून घेतली, भाकरीच्या पिठाने भरलेल्या पंज्याने सगळी अक्षरे एकदम पुसून टाकली आणि पुन्हा थापायला बसली.

त्या पुसण्याचे कारण मला रात्री वडिलांकडून कळले. वडील पाच-सहा वर्षांचे असताना, म्हणजे १९१० च्या आसपास, पणजोबांवर सावकाराने दिवाणी दावा लावला होता. दख्खनच्या कुणब्यांनी १८७५ मध्ये सावकारांची खतपत्रे जाळली, तेव्हा सरकारला जाग येऊन १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा झाला, आणि पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांतील शेतकऱ्याची जमीन, ती खास गहाण दिलेली नसेल तर, साध्या कर्जाच्या हुकूमनाम्यात जप्त होईनाशी झाली. आमच्या पणजोबांची जमीन त्या कायद्याने वाचली. पण कायदा जमिनीचा होता, भांड्यांचा नव्हता. बेलिफ आला, गावातले दोन पंच बोलावले, अंगणात घोंगडे अंथरले आणि घरातले एकेक भांडे त्याच्यावर मांडून कारकुनाने त्याची नावनिशीवार यादी केली. आजी तेव्हा नुकती विशी ओलांडलेली सून. दाराआड उभी राहून ती ऐकत होती, आणि कारकून एकेका भांड्याचे नाव मोठ्याने उच्चारीत असता, पुढे पुष्कळ वर्षांनी तिने सांगितल्याप्रमाणे, तिला स्वतःलाच कोणी हाका मारीत आहे असे वाटत होते.

आता १९०८ च्या दिवाणी संहितेत साठावे कलम आहे. ऋणकोचे, त्याच्या बायकोचे आणि मुलांचे गरजेपुरते कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्माचाराप्रमाणे स्त्रीने अंगावेगळे करू नयेत असे दागिने यांवर जप्ती चालत नाही, अशी त्यात तरतूद आहे. हे कलम मी नंतर नोकरीत शेकडो वेळा हाताळले, आणि दर वेळी मला ते लिहिणाऱ्याच्या माणुसकीचे कौतुक वाटत आले. बेलिफ कायद्याला धरून वागणारा होता. त्याने तपेली, पातेली, तवा, परात हे सारे आजीकडे परत केले. घंगाळ मात्र उचलले, कारण घंगाळात काही शिजत नाही, ते स्नानाच्या पाण्याचे भांडे आहे. दोन कड्यांचे, रुंद पोटाचे, आठ शेर वजनाचे ते पितळी घंगाळ आजीच्या बापाने तिला लग्नात दिलेले होते. लिलावात ते शेजारच्या गावच्या एका वाण्याने घेतले. कारकुनाने घंगाळ न लिहिता त्याच्या जागी पातेले लिहिले असते तर ते घरात राहिले असते, हा आजीचा आयुष्यभराचा दावा होता. तो कायद्याने टिकण्यासारखा नव्हता, परंतु त्यामुळे भांड्याचे नाव लिहून घेणे हा प्रकार तिच्या लेखी अभद्र ठरला तो ठरलाच.

सोमवारी मी आठवणीने पुन्हा यादी केली आणि मास्तरांपुढे ठेवली. मास्तरांनी तिच्यावरून नजर फिरवली, थोडा वेळ मिशीशी चाळा केला आणि तांबडी पेन्सिल घेऊन हंडा, कळशी, तपेली, चरवी, घागर या पाचांपुढे कंस करून 'पॉट' असा एकच शब्द लिहिला. पाच वस्तू होत्या, त्यांची एक वस्तू झाली. 'वैल' या शब्दापाशी ते थबकले. स्वतः घाटाखालचे असल्याने त्यांनी मला विचारले, "म्हणजे काय?" मी सांगितले की चुलीच्या कुशीला जोडून दुसरे तोंड असते, पुढच्या चुलीतला जाळ आतल्या वाटेने तिकडे जातो, आणि त्या उरलेल्या धगीवर दूध ठेवतात, आमटी ठेवतात, रात्रीचे पाणी ठेवतात. मास्तरांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "ते खोड. त्याच्या जागी दरवाजा लिही." मी दरवाजा लिहिला. वीसांपैकी वीस गुण मिळाले.

मॅट्रिक झाल्यावर १९४७ मध्ये मी न्यायखात्यात कारकुनीवर लागलो आणि इंग्रजी बरे म्हणून तीन वर्षांत भाषांतराच्या टेबलावर गेलो. तेथे पुढची तीस वर्षे गेली. खालच्या कोर्टाचे कामकाज मराठीत चाले. प्रकरण अपिलात मुंबईस जायचे झाले की फिर्याद, कैफियत, जबान्या, खते, पंचनामे, सगळे दप्तर इंग्रजीत करावे लागे. वाचकांना वाटेल की यात कठीण काय ते कायद्याच्या परिभाषेत असणार. प्रत्यक्षात कायद्याची परिभाषा हा भाषांतरकाराचा सर्वांत सुखाचा प्रांत होय. मक्ता, मुखत्यारनामा, तारण, ताबेगहाण, इनाम, वहिवाट यांच्या इंग्रजी पर्यायांवर शंभर वर्षांच्या निकालपत्रांची मोहर बसलेली असते. तेथे डोके चालवण्याची गरज नसते, किंबहुना मनाईच असते. घाम फुटे तो वाटपाच्या दाव्यात. भाऊ भावावर फिर्याद करी, आणि फिर्यादीच्या शेवटी, शेतांचे गट आणि घराच्या चतुःसीमा देऊन झाल्यावर, एक परिशिष्ट जोडलेले असे: एकत्र कुटुंबाची जंगम मिळकत. त्या परिशिष्टात पन्नास वर्षांचा संसार ओळीने उभा असे. घंगाळे नग दोन. काठवट नग एक. पितळी डबे झाकणासह नग सहा. पोळपाट, त्याचा एक पाय मोडका, नग एक. मोडक्या पायाची नोंद वकिलाने केलेली नसून फिर्यादीच्या बायकोने सांगून करवून घेतलेली आहे, हे मी कागद पाहताच ओळखीत असे.

पहिली यादी पुढे आली तेव्हा मला आपण इंग्रजी पहिलीत बसलो आहोत असा भास झाला. या खेपेस मात्र दरवाजा लिहून सुटका नव्हती. टेबलावर मोल्सवर्थचा कोश होता. लष्करातला हा अधिकारी कँडी बंधूंच्या आणि शास्त्रीमंडळाच्या साहाय्याने १८३१ मध्ये मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध करतो आणि १८५७ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती काढतो, ही एक तपश्चर्याच म्हणावी लागेल. पण आमच्या कामाला त्याची अडचण अशी की घरातल्या वस्तूपाशी आला म्हणजे तो प्रामाणिक माणूस प्रतिशब्द देण्याचे सोडून वर्णन देऊ लागे. विळी म्हणजे काय, तर लाकडी पाटाला बसवलेले असे असे पाते. वर्णन उत्कृष्ट; परंतु यादीच्या रकान्यात ते मावायचे कसे?

तेव्हा मी शब्द गोळा करू लागलो. कोऱ्या कागदांची वही शिवली, डाव्या बाजूला वस्तू, उजव्या बाजूला इंग्रजी नाव. जे मला मास्तरांकडून मिळाले नाही ते हळूहळू चमत्कारिक ठिकाणी सापडत गेले. जात्याला 'क्वर्न' असा एक छोटा, खणखणीत शब्द आहे, हे मला शेक्सपिअरच्या 'मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये कळले. तिवईला 'ट्रिव्हेट' म्हणतात हे एका जुन्या लोहारकामाच्या पुस्तकात मिळाले. आणि काठवट! काठवटीसाठी मी दोन वर्षे शोधात होतो. ती मिळाली जुन्या बाजारात चार आण्यांना घेतलेल्या बायबलात, १६११ च्या त्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात. मिसरातून घाईने बाहेर पडणारे इस्रायली लोक न फुगलेली कणीक आणि ती मळण्याची लाकडी भांडी कापडात बांधून खांद्यावर घेऊन निघतात, असे वर्णन तेथे आहे. त्या भांड्याला शब्द होता 'नीडिंग-ट्रफ'. मी तो वहीत लिहिला आणि त्या दिवशी घरी जाताना पेढे नेले. बायकोने कारण विचारले, मी म्हणालो, "काठवट सापडली." आमची काठवट हरवली कधी होती, असे तिला वाटले असावे.

या शोधात माझ्या एक गोष्ट ध्यानात आली, ती अशी की इंग्रज गृहिणीही एके काळी दळीत होती, पाखडीत होती, लाकडी भांड्यात कणीक तिंबीत होती, आणि त्या काळी तिच्या भाषेत या सर्वांना नावे होती. ती वस्तू पुढे घराबाहेर गेली, गिरणी आली, बेकरी आली, आणि शब्द माळ्यावर गेला. आमच्या मास्तरांना जे शिकवले होते ते विसाव्या शतकातल्या दिवाणखान्याचे इंग्रजी. मला हवे होते ते सतराव्या शतकातल्या स्वयंपाकघराचे. साहेबाची भाषा दरिद्री होती असे नव्हे. तिच्या पणजीला विचारायचे ते आम्ही तिच्या पणतीला विचारीत होतो.

मात्र हा शहाणपणाचा खेळ अंगलटही येई. सुपाला मी एकदा त्याच बायबलाच्या आधाराने 'फॅन' लिहिले. तेथे धान्य वारवण्याच्या साधनाला तोच शब्द आहे. मुंबईहून पृच्छा आली की मौजे अमुक येथे विजेची सोय नसताना बांबूचे पंखे नग दोन हे काय प्रकरण आहे, याचा खुलासा व्हावा. मी खुलासा केला. पुढे माझ्या वरिष्ठांनी, जे निवृत्तीला आलेले, सज्जन आणि सुटसुटीतपणाचे भक्त होते, असा दंडक घालून दिला की भांड्यांच्या बाबतीत धातू आणि आकार एवढेच लिहावे. ब्रास व्हेसल, लार्ज. ब्रास व्हेसल, स्मॉल. एरवी तरी कोर्टात पितळ वाटायचे ते वजनावरच, असे ते म्हणत, आणि ते खरेही होते. कमिशनर ताजवा लावी, इकडे चौदा शेर, तिकडे चौदा शेर. १९५८ नंतर मेट्रिक मापे आली तेव्हा शेराचे किलो झाले आणि एका शेराला सदुसष्ट ग्रॅम कमी पडतात म्हणून दोन भाऊ आमच्या कचेरीत भांडल्याचेही मी पाहिले आहे.

त्या दंडकाच्या काळात एक अपील आले. तीन भावांतला मधला वारलेला; त्याची विधवा तिसरी पक्षकार. तिचे म्हणणे, मिळकतीच्या वाटपाचे काय व्हायचे ते होवो, परंतु यादीतले घंगाळ माझ्या आईने मला लग्नात दिलेले आहे, त्याच्यावर नाव घातलेले आहे, ते स्त्रीधन असून वाटपात येत नाही. मी भाषांतर करताना घंगाळापुढे पुरती एक ओळ लिहिली: स्नानाचे पाणी ठेवण्याचे, दोन कड्यांचे, रुंद तोंडाचे. वरिष्ठांनी ती ओळ छाटून 'ब्रास व्हेसल, इन्स्क्राइब्ड' केली. मी वाद घातला नाही. घालायला हवा होता, हे लिहिताना आज माझ्या वयाला शोभणार नाही इतका राग मला स्वतःचा येतो, कारण मी आजीचा नातू होतो आणि या एका शब्दाच्या बाबतीत तरी मला अज्ञानाची सबब नव्हती.

अपिलात बाईंच्या बाजूने निकाल झाला: नाव घातलेले पितळी भांडे बाईंस द्यावे. थोरल्या दिरांनी हुकमाची तामिली अक्षरशः केली. त्यांनी नाव घातलेली एक लोटी तिच्या हाती ठेवली. तीही पितळी होती, तिच्यावरही नाव होते. कुणाचे ते कोण वाचतो! बाई ती लोटी पदराखाली घेऊन आमच्या कचेरीत आल्या. मी त्यांना बसायला खुर्ची दिली, ती त्यांनी घेतली नाही. लोटी टेबलावर ठेवून म्हणाल्या, "साहेब, कागदावर भांडं लिहिलंय म्हणतात. भांडं नव्हं, घंगाळ. आईनं घंगाळ दिलं होतं." मी त्यांना दरखास्त लावायला सांगितले. दरखास्तीत मूळ मराठी यादी पुढे आली, मुनसफांनी ती वाचली, आणि चौदा महिन्यांनी बाईंना घंगाळ मिळाले. त्यानंतर वरिष्ठांच्या दंडकाविरुद्ध मी एक युक्ती काढली: इंग्रजी मजकुरात घंगाळ हा शब्द रोमन अक्षरांत जसाच्या तसा लिहायचा आणि पुढे कंसात वर्णन द्यायचे. त्यांनी दोनदा खोडले, तिसऱ्यांदा सोडून दिले, आणि पुढल्याच वर्षी ते निवृत्त झाले.

घंगाळ हा शब्द त्याच पेहेरावात इंग्रजीत घालून देताना मला वाटत होते की आपण काही धाडस करीत आहोत. वस्तुतः हाच व्यवहार आमच्या घरातल्या बायका उलट्या दिशेने, आणि कोणाची परवानगी न घेता, पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या होत्या. आजीला इंग्रजीचे एक अक्षर येत नव्हते. पण चिमणीत ती भरीत होती ते रॉकेल, म्हणजे साहेबाचे 'रॉक ऑइल'; शेजारीण त्यालाच घासलेट म्हणे, म्हणजे 'गॅसलाइट'. चिमणी ही स्वतःच दिव्याच्या काचेचे इंग्रजी नाव अंगावर घेऊन आली आणि आमच्याकडे आल्यावर आपल्या घरट्यातली होऊन बसली. पाखरू कोणते आणि दिवा कोणता याचा घोटाळा एकाही पोराने कधी केला नाही. परसात जाताना घ्यायचे ते टमरेल हे 'टम्बलर' होय, आणि त्या उंची काचपात्राची इतकी रोखठोक पदावनती दुसऱ्या कोणत्या भाषेने केली असेल असे मला वाटत नाही. त्याआधी फिरंग्यांची बादली आली, घमेले आले, पिंप आले, दाराची बिजागरी आणि चावी आली. त्याहीआधी, फारशीच्या अमलात, पेला, सुरई आणि चमचा येऊन स्थिरावले होते. वस्तू हाती आली की तिच्याबरोबर जो आवाज ऐकू आला तो बायकांनी उचलला, आपल्या जिभेला बसेल असा ठोकून घेतला, त्याला लिंग दिले, अनेकवचन दिले आणि मांडणीवर ठेवला. या जकातनाक्यावर दस्तक कोणी मागितले नाही. आम्ही मुलगे शाळेत वस्तूवाचून शब्द घोकीत होतो आणि त्याबद्दल गुण मिळवीत होतो; खरे इंग्रजी चुलीपुढे शिकले जात होते, आणि त्याला कोणी इंग्रजी म्हणत नव्हते.

शुद्धीचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांनी राजव्यवहारकोश रचला आणि यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. त्याच्या दहा वर्गांत भोग्यवर्ग म्हणून एक वर्गही आहे. दरबारात त्यातले काही चालले. स्वयंपाकघरात चमचा चमचाच राहिला. आमच्या काळी, १९६२ मध्ये, राज्याच्या भाषा संचालनालयाने पदनाम कोश काढला आणि माझे पद एका रात्रीत संस्कृत झाले, त्याचे मला वाईट वाटले नाही. पगार तोच होता, आणि पगार हा शब्द पोर्तुगीज आहे हे कोणाच्या लक्षातही आले नाही. सरकारी शब्द सरकारने घडवावेत, हे मला मान्य आहे. उलथण्याला मात्र समितीची गरज नाही.

आता घरी गॅस आहे. मुंबईत तो १९५५ मध्ये आला, आमच्याकडे यायला आणखी पंधरा वर्षे लागली. सुनेच्या तोंडी गॅस म्हणजे शेगडी, गॅस म्हणजे सिलिंडर, गॅस म्हणजे जाळ. आणि माझ्या तोंडी, या वयात, गॅस म्हणजे आणखी एक तक्रार. कुकर, मिक्सर, फ्रीज हे सगळे आजीच्याच रीतीने, जसे आले तसे घरात शिरले आहेत आणि सुखाने नांदत आहेत. त्यांच्याविषयी माझे काही म्हणणे नाही. फक्त संध्याकाळी दूध तापवून झाले आणि सुनेने बटण फिरवले की निळा जाळ एकदम नाहीसा होतो, आणि उरलेल्या धगीवर ठेवायला काही शिल्लक राहत नाही, तेव्हा मला वैलाची आठवण होते. तेथे ठेवलेले पाणी रात्री दहा वाजतासुद्धा कोमट असे, आणि शाळेतून पाय दुखवून आलेल्या नातवासाठी आजी ते न सांगता राखून ठेवी.

माझ्या वहीत चारशे अकरा नोंदी झाल्या आहेत. निवृत्तीनंतर मी ती पुन्हा स्वच्छ अक्षरात उतरवून काढली; घंगाळापुढे, विचार करून, घंगाळच लिहिले. वैलापुढची जागा कोरी आहे. इंग्रज गृहिणीच्या चुलीला, किंवा स्कॉटिश, वेल्श कोणत्याही खेड्यातल्या चुलीला, असे कुशीचे तोंड असे काय, आणि असल्यास त्याला ती काय म्हणे, हे कोणा वाचकास ठाऊक असेल तर त्याने कृपा करून मला कळवावे. दरवाजा लिहून मिळवलेला एक गुण मला परत करायचा आहे.